टंकदोष नाही

त्सुमक्वेच्या नोंदणी कार्यालयात
पंखा आहे, वीज कधीमधी.
मी काचिवेना, कनिष्ठ कारकून.
माझ्या हेरेरो बोलीत
टिचकी मारणारं एकही अक्षर नाही,
म्हणून अकरा वर्षं मी ती
येईल त्याच्या नावातून
बाजरीतल्या खड्यासारखी
वेचून टाकत आलो.

मंगळवारी एक बाई आली, पाठीला बाळ.
नाव?
तिनं सांगितलं.
मी लिहिलं: उंखा.
"नाही," म्हणाली, आणि पुन्हा सांगितलं.
मी पुन्हा लिहिलं: उंखा.
सोबतच्या म्हातारीनं तोवर
चकार शब्द काढला नव्हता.
ती टेबलावर वाकली
आणि बाटलीचं बूच उडावं तसं काहीतरी
तोंडातल्या तोंडात उडवून म्हणाली:
ǃउंखा.

ते तिचंही नाव होतं.
त्यांच्यात आजीचं नाव नातीला जातं,
आणि ज्यांचं नाव एक, ती माणसं नात्यातली.
म्हणजे मी बसल्याजागी
दोघींचं नातं तोडत होतो,
शिक्क्यासकट.

शाळेतला मास्तर ǀकुंता
आमच्या नळावर ड्रम भरायला आला होता.
त्यानं एका रद्द अर्जाच्या पाठीवर
चार खुणा काढल्या.

एक उभी रेघ.
"जीभ दातांमागे लाव आणि ओढून घे."
च्च.
अरे, हे तर माझी आई करायची,
दूध सांडलं की,
शेजारचं कुणी गेलं की.
दोन उभ्या रेघा:
जीभ कडेनं सोडायची, दाढांपाशी.
याच्यावर मी लहानपणी गाढवं हाकलीत
विहिरीपासून घरापर्यंत.
रेघेवर दोन आडव्या:
जीभ टाळूला सपाट चिकटवून...
ही मला अजून जमत नाही.
वाळकी काटकी मोडल्यासारखी यायला हवी,
माझी ओली निघते.
आणि रेघेखाली टिंब. म्हातारीचं बूच.

जिभेला हाड नसतं म्हणतात.
पण तिला पत्ते होते,
बोट ठेवून दाखवावेत असे चार,
आणि मी त्यांतले दोन तेवढे वापरले,
हळहळायला
आणि गाढवांना.

यंत्रावर ती खूण नव्हती. उद्गारचिन्ह होतं.
तेच दाबलं.

तीन आठवड्यांनी विंडहुकहून अर्ज परत:
"नावाआधी उद्गारचिन्ह. टंकदोष.
दुरुस्त करून पाठवावे."
मी उत्तर लिहिलं, रीतसर,
विषय, संदर्भ, जावक क्रमांक:
टंकदोष नाही. हे व्यंजन आहे.
जिभेचं टोक वरच्या हिरडीमागे घट्ट टेकवावं.
मागची बाजूही वर चिकटलेली असावी.
मधली जीभ जरा खाली ओढावी, म्हणजे हवा विरळ होते.
मग टोक एकदम सोडावं.
जमल्यास पोच द्यावी.

पोच आली नाही.
मला मात्र दिसतो तिथला कुणी साहेब,
टाय सैल केलेला,
जेवणाच्या सुट्टीत दार लोटून
कपाटाकडे तोंड करून
बुचं उडवतोय.

माझ्याही कपाटात अकरा वर्षांची नावं आहेत.
काना-मात्रा सगळं जागच्या जागी,
फक्त सुरुवात नाही.
कुठे एक रेघ होती, कुठे दोन,
वहीवरून कळत नाही.
शनिवारी मास्तराची सायकल मागून घेतो
आणि वस्तीवस्तीत जाऊन विचारतो:
तुझं नाव पुन्हा एकदा सांग.
हसतात. सांगतात.
काही जण आता राहिले नाहीत.
त्यांच्यापुढे मी पेन्सिलीनं
जागा सोडली आहे.

ती मुलगी शाळेत जाते.
रेघ वाकडी काढते,
टिंब एवढं दाबून देते
की कागदाला भोक पडतं.
"मोठं झालं," मास्तर म्हणतो.
म्हातारी वही डोळ्यांशी नेते.
तिला वाचता येत नाही.
राहू दे, म्हणते,
मला तेवढंच दिसतं.